कोर्सचं नाव नंतर बघा, आधी पोस्टिंग कुठं ते विचारा

धाकटीचा फोन येतो तेव्हा आमच्याकडं सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तिच्याकडं न्यू जर्सीत रात्रीचे नऊ, पोरगं नुकतंच झोपलेलं, आणि मी इकडं सांगलीत एका हातानं चहा बघतीय, दुसऱ्या हातात मोबाईल, कारण सव्वासातची मिरजेची बस चुकली की लॅबला उशीर होतो आणि उपाशीपोटी आलेले पेशंट बाकड्यावर ताटकळत बसतात. गेलं सव्वा वर्ष आमचा विषय एकच. ताई, मी कुठला कोर्स घेऊ?

थोडं मागचं सांगते. धाकटी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजची, केमिस्ट्रीची बीएस्सी, २०११ ची. लग्न होऊन गेली ती एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायकोला मिळतो तो, त्यात शिकता येतं पण तिला कमवायची परवानगी नव्हती, मग बाळ झालं, मग ग्रीन कार्डची वाट बघण्यात वर्षं गेली, आणि नवऱ्याची फाईल जुनी होती म्हणून कार्ड एकदाचं आलं तेव्हा ही पस्तिशीला टेकलेली. तिला दवाखान्यातलं काम करायचंय. डॉक्टर, नर्स नाही, पण पेशंटच्या जवळचं काहीतरी, दोन वर्षांत होणारं, घरापासून लांब नसणारं. मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सतरा वर्षं टेक्निशियन आहे म्हणून तिनं मला विचारलं, आणि मला अमेरिकेतलं काहीच माहीत नव्हतं, पण फसवणूक कशी दिसते ते मात्र चांगलं माहीत होतं. त्यावर पुढं येतेच.

तिकडं कम्युनिटी कॉलेज म्हणून प्रकार असतो, न्यू जर्सीत अशी १८ कॉलेजं आहेत, तिथं काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, आणि त्या काउंटीत राहणाऱ्याला फी कमी पडते. तिथं दोन वर्षांची जी डिग्री मिळते तिला असोसिएट डिग्री म्हणतात, साधारण ६० क्रेडिट किंवा जास्त, आपल्याकडच्या डिप्लोमा आणि डिग्रीच्या मधली पायरी समजा. आणि त्यात आरोग्याच्या बाजूचे कोर्स भरपूर. एक्स-रेचा म्हणजे रेडिओग्राफीचा, लॅब टेक्निशियनचा, श्वसनाचा म्हणजे रेस्पिरेटरी थेरपीचा, दातांच्या स्वच्छतेचा डेंटल हायजीन, फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली काम करायचा, सोनोग्राफीचा. धाकटीनं पहिल्या दिवशी ही सगळी यादी मला व्हॉट्सॲपवर पाठवली आणि खाली लिहिलं, तूच सांग.

माझं मन साहजिकच लॅबकडं. केमिस्ट्री झालीय, हात स्थिर आहे, बहीण त्याच लाईनीत आहे, अजून काय पाहिजे. पण मी लगेच बोलले नाही, कारण मला माझं २००३ साल आठवलं.

बारावी झाली त्या उन्हाळ्यात सांगलीच्या एसटी स्टँडजवळ भिंतीवर एक बोर्ड होता, एका वर्षात लॅब टेक्निशियन, शंभर टक्के नोकरीची हमी. संस्थेचं नाव घेत नाही, आता ती तिथं नाही. आप्पांनी तासगावच्या बेदाण्याचे पैसे आले होते त्यातले बावीस हजार भरले. जिन्यावरून वर गेलं की दोन खोल्या, एक मायक्रोस्कोप, त्याची एक लेन्स बुरशी आलेली, आणि वर्षभरात मी खऱ्या पेशंटचं रक्त एकदाही काढलं नाही. आम्ही एकमेकींचं काढायचो. वर्ष संपलं, रंगीत सर्टिफिकेट मिळालं, मी एका सरकारी भरतीला गेले आणि टेबलामागच्या बाईंनी ते सर्टिफिकेट हातात घेऊन उलटं करून मागून बघितलं, परत सुलटं केलं आणि मला म्हणाल्या, बाळ, हे चालत नाही, ह्याला मान्यता कुणाची आहे? मला तो शब्द तेव्हा पहिल्यांदा कळला. मान्यता. घरी आल्यावर आप्पा काही बोलले नाहीत, बागेत गेले आणि अंधार पडला तरी आले नाहीत. नंतर मी बीएस्सी केली, मग रीतसर मान्यतेचं डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, पण ते एक वर्ष आणि ते बावीस हजार मला अजून टोचतात.

म्हणून धाकटीनं दुसऱ्या आठवड्यात जेव्हा सांगितलं की ताई एक भारी मिळालंय, सोनोग्राफीचा कोर्स, कॉलेज नाही खासगी इन्स्टिट्यूट आहे, आधीचे कुठले विषय करायला लागत नाहीत, पुढच्या महिन्यात ॲडमिशन, प्लेसमेंटला मदत करतात, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. फी विचारली तर कम्युनिटी कॉलेजच्या जवळजवळ चौपट. मी तिला म्हटलं, एक फोन कर त्यांना आणि एकच प्रश्न विचार, मान्यता कुणाची आहे. तिनं विचारलं. ते म्हणाले राज्याचा परवाना आहे. आता परवाना आणि मान्यता ह्यात फरक असतो. शाळा चालवायचा परवाना वेगळा, आणि ती शाळा जो कोर्स शिकवते त्या कोर्सला त्या धंद्याच्या मान्यता मंडळाची ओळख वेगळी.

मग आम्ही दोघी बसलो, ती तिकडून मी इकडून, आणि रात्ररात्र वाचलं. सोनोग्राफीच्या कोर्सला तिकडं काहेप नावाची संस्था मान्यता देते, आणि तशा मान्यतेच्या कोर्समधून पास झालेल्याला एआरडीएमएस ह्या नोंदणीच्या परीक्षेला थेट बसता येतं. मान्यता नसेल तर दुसरे रस्ते आहेत पण त्यात बारा महिने पूर्ण वेळ सोनोग्राफी केल्याचा अनुभव मागतात, आणि बहुतेक हॉस्पिटलं नोंदणी असल्याशिवाय कामावर घेत नाहीत. म्हणजे नोंदणी नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून परीक्षा नाही, आणि कर्ज मात्र दर महिन्याला आहेच. धाकटी फोनवर गप्प झाली. तिनं अर्ज भरायला घेतला होता.

आईला सोनोग्राफीचं कळलं तेव्हा ती वेगळंच म्हणाली, अगं ते तर डॉक्टरचं काम. बरोबर आहे तिचं, आपल्याकडं १९९४ च्या कायद्यामुळं सोनोग्राफीच्या मशीनला हात लावायचा तर नोंदणी झालेला डॉक्टरच लागतो, दारावर गर्भलिंग तपासणी होत नाही ह्याचा बोर्ड लागतो, मशीनचा हिशोब असतो. तिकडं मशीन फिरवून फोटो घेणारा टेक्निशियन असतो, दोन वर्षं शिकलेला, आणि रिपोर्ट डॉक्टर लिहितो. एकाच कामाचं नाव दोन देशांत किती वेगळं माणूस दाखवतं बघा, म्हणून इथल्या डोळ्यांनी तिथला कोर्स निवडू नये हे मला त्या दिवशी कळलं. आणि उलटंही खरं आहे, इथं ज्या कामाला आपण साधं समजतो त्याला तिकडं रांग लागलेली असते.

डिसेंबरात धाकटी पोराला घेऊन सांगलीला आली तेव्हा मी ठरवलं, आता वाचणं बास. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना विचारून तिला एक सकाळ लॅबमध्ये माझ्याशेजारी बसवलं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, वानलेस साहेबांनी १८९४ साली हॉस्पिटल काढलं तेव्हापासून आजूबाजूची माणसं इथंच येतात, १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, आणि अथणी चिक्कोडीकडची अर्धी ओपीडी कानडी बोलणारी. त्या सकाळी पहिलीच एक आजी होती, सत्तरीच्या पुढची, हाताच्या शिरा दोऱ्यासारख्या. मी नेहमीसारखं विचारलं, ऊट आतेन्री, जेवण झालं का, तिनं मान हलवली नाही म्हणून. मी पट्टा बांधायला घेतला तर तिच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. मी घाईत त्या ढकलणार होते. धाकटीनं खाली वाकून एक एक बांगडी वर सरकवली, प्रत्येक बांगडीखाली स्वतःचं बोट घालून, आजीच्या कातडीला चिमटा बसू नये म्हणून. मी शीर शोधेपर्यंत दुसरा हात तिनं धरून ठेवला होता. रक्त ईडीटीए बल्बमध्ये, म्हणजे तपासणीच्या नळीत, उतरलं, फ्लोराईड बल्बमध्ये उतरलं, मी बल्ब हलक्या हातानं उलटेपालटे केले, लेबल लावलं, आणि आजी उठली तेव्हा जाताना धाकटीच्या गालावरनं हात फिरवून गेली, माझ्या नाही.

नंतर मी तिला आत नेलं, सेंट्रिफ्यूज दाखवला, मलेरियाची जुनी स्लाईड मायक्रोस्कोपखाली लावून दिली, मला ती स्लाईड फार आवडते, गुलाबी पेशीत निळी अंगठी असते बारीक. तिनं बघितलं, छान आहे म्हणाली, आणि परत बाहेर बाकड्याकडं बघायला लागली, पुढचं कोण आहे म्हणून. मला समजलं. लॅबमध्ये पेशंट दोन मिनिटं भेटतो आणि बाकीचा दिवस नळ्यांबरोबर जातो, मला ते आवडतं, मी तशीच आहे. ती तशी नाही. ही गोष्ट आम्ही चार महिने वाचत होतो त्या कुठल्याच पानावर सापडली नसती.

मग दुपारी एक्स-रेला. तिथला टेक्निशियन माझ्या ओळखीचा आहे. ऊसतोडीचा सीझन होता, ट्रॉलीवरून पडलेला एक मुकादम आला होता, खांदा धरून, रंग उतरलेला. आमच्या माणसानं त्याला आधी बसवलं, पाणी विचारलं, गाव विचारलं, मग म्हणाला हात मी हलवतो, तुम्ही फक्त हूं म्हणा दुखलं की. तीन वेळा हूं झालं. मग पलीकडं जाऊन काचेमागून, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. स्क्रीनवर हाड आलं आणि गळपट्टीचं हाड कुठं मोडलंय ते आम्हाला पण दिसलं. धाकटी परतीच्या बसमध्ये वानलेसवाडी येईपर्यंत त्याच्याबद्दलच बोलत होती, त्यानं खांदा कसा धरला, कोपराखाली हात कसा घातला.

घरी आईची काळजी सुरू झाली, एक्स-रेनं बाईमाणसाला त्रास होतो म्हणे. भीती खोटी नाही पण तिचा हिशोब ठेवतात, आमच्याकडं एक्स-रेची माणसं छातीला टीएलडी बॅज लावतात, तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो आणि अंगावर किती रेडिएशन पडलं त्याचा आकडा येतो. काचेमागं उभं राहायचं, लेड ॲप्रन घालायचा, उगीच समोर थांबायचं नाही. तिकडंही विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून तसाच बॅज देतात. आईला मी टेक्निशियनचा बॅज फोटोत दाखवला तेव्हा ती जरा शांत झाली.

तर रेडिओग्राफी ठरली, पण कुठली? ह्यात खरी मेहनत आहे. तिकडं एक्स-रेच्या कोर्सला जेआरसीईआरटी मान्यता देते आणि परीक्षा एआरआरटी घेते, २०१५ पासून त्या परीक्षेला कमीत कमी असोसिएट डिग्री लागते. आणि मान्यता असलेल्या प्रत्येक कॉलेजला आपले आकडे वेबसाईटवर उघड ठेवावे लागतात, पहिल्या फटक्यात किती पास झाले, वर्षाच्या आत किती कामाला लागले, जितके आत आले त्यातले किती शेवटपर्यंत टिकले. पहिल्या दोन्हींसाठी ७५ टक्क्यांची किमान रेषा आहे. धाकटीच्या टप्प्यात दोन कॉलेजं होती. जवळच्याचा निकाल नव्वदीच्या पुढं, ती खूश, पण मी तिला म्हटलं खालचा आकडा बघ, टिकणाऱ्यांचा, तर त्यात जवळजवळ तिसरा हिस्सा मध्येच गळालेला. निकाल चांगला का दिसतोय ते तिथं कळलं. लांबच्या कॉलेजचा निकाल थोडा कमी पण आलेली बहुतेक सगळी बाहेर पडलेली. लहान पोर असलेल्या बाईनं कुठला आकडा आधी बघायचा? माझ्या मते टिकणाऱ्यांचा.

अजून एक नियम मला इतका आवडला की मी आमच्या एक्स-रेवाल्याला जाऊन सांगितला. क्लिनिकलला, म्हणजे दवाखान्यात प्रत्यक्ष काम शिकायला, आपल्याकडं ज्याला पोस्टिंग म्हणतात, एका टेक्निशियनमागं एकच विद्यार्थी. एकाला एक. आणि एखादा फोटो बिघडला, परत काढायचा असेल तर विद्यार्थ्यानं एकट्यानं काढायचा नाही, शिकलेला माणूस शेजारी उभा पाहिजे, कारण परत काढणं म्हणजे पेशंटला परत रेडिएशन. आमच्याकडं एका टेबलाभोवती दहा पोरं मान उंच करून बघत असतात, शेवटच्याला पाठच दिसते, मी स्वतः तशी शिकलीय. आणि गंमत वाटली ती एवढीच की न्यू जर्सीत एक्स-रे टेक्निशियनचं लायसन्स राज्याच्या पर्यावरण खात्याकडून घ्यायचं असतं, आम्ही दोन दिवस आरोग्य खात्याच्या साईटवर शोधत बसलो होतो.

पैशांचं सांगते कारण बऱ्याच जणी इथं चुकतात. धाकटीला वाटलं होतं पेल ग्रँट मिळेल, सरकारची मदत, परत द्यायची नसते, ग्रीन कार्डवाल्याला अर्ज करता येतो. करता येतो, पण आधी बॅचलर डिग्री झालेली असेल तर पेल मिळत नाही, आणि ती डिग्री भारतातली असली तरी धरतात. सांगलीची बीएस्सी तिथं आडवी आली. ती लपवायची का असं पण तिला कुणीतरी सुचवलं, मी म्हटलं चुकूनही नको, फॉर्मवर खोटं लिहून दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही. सरकारी कर्ज मिळू शकतं, ते वेगळं. डिग्रीची किंमत तिकडच्या मापात लावून घ्यायला मूल्यांकन करावं लागतं, नेसेस नावाच्या संघटनेच्या सभासद संस्थांकडून, त्यासाठी विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट म्हणजे विषयवार मार्कांचा अधिकृत कागद काढायला मी शिवाजी विद्यापीठात कोल्हापूरला दोन हेलपाटे घातले. इंग्रजी, गणिताचे काही क्रेडिट त्यातून सुटले. पण शरीररचनेचे दोन पेपर, प्रॅक्टिकलसकट, नव्यानं करायचेच, आणि ते असेही जुने झाले की बाद होतात, बऱ्याच ठिकाणी ५ वर्षं, काही ठिकाणी ७. म्हणजे दोन वर्षांची डिग्री प्रत्यक्षात तीन वर्षांची, कारण आधीचे विषय झाल्याशिवाय मुख्य कोर्सला अर्जच नाही, आणि मुख्य कोर्स बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदाच सुरू होतो, जागा थोड्या. काही कॉलेजं वर टीस नावाची परीक्षा घेतात, १७० प्रश्न, वाचन गणित विज्ञान इंग्रजी. क्लिनिकलला पगार नसतो. कावीळ बी, गोवर, कांजिण्या सगळ्याचे डोस झाल्याचे कागद लागतात, लहानपणी गावच्या आरोग्य केंद्रात टोचलेल्याचा कागद कुणाकडं असतो, मग रक्त तपासून अँटीबॉडी दाखवायच्या. ती तपासणी तिनं डिसेंबरात माझ्याच लॅबमध्ये करून घेतली.

आता हे सगळं अमेरिकेचं झालं, पण इथं रोज कुणीतरी पोरगी आईबरोबर लॅबच्या दारात उभी असते, मॅडम बारावी झाली, डीएमएलटी करू का ओटी टेक्निशियन करू का डायलिसिस. पूर्वी मी लगेच मत द्यायचे. आता आधी विचारते की कॉलेज बघून आलीस का, पोस्टिंग कुठल्या हॉस्पिटलला असतंय, किती खाटांचं आहे, तिथं मागच्या वर्षीची दोन पोरं गाठून विचारलंस का, स्वतःच्या हातानं किती केलं म्हणून. आपल्याकडं पण २०२१ साली ह्या सगळ्या कामांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झालाय, महाराष्ट्राची पॅरामेडिकल कौन्सिल आहे, तेव्हा फी भरायच्या आधी त्या कोर्सवर नोंदणी होते का ते लेखी मागायचं. तोंडी नाही, लेखी. परवा कवठेमहांकाळकडची एक आई म्हणाली, मॅडम ते म्हणतात ॲडमिशन घ्या मग कागद देतो. मी त्यांना माझं रंगीत सर्टिफिकेट दाखवलं, अजून फाईलमध्ये आहे. त्या बाईंनी पण ते उलटं करून मागून बघितलं.

धाकटीनं लांबचं कॉलेज धरलंय, गाडीनं पन्नास मिनिटं. शरीररचनेचा पहिला पेपर झाला, बी प्लस आला, दुसरा चालू आहे, मुख्य कोर्सचा अर्ज फेब्रुवारीत. त्यात नंबर लागेलच असं नाही, यंदा नाही तर पुढच्या वर्षी परत भरणार म्हणतीय. पहिल्या पेपरला ती रोज सकाळी, म्हणजे तिच्या रात्री, मला हाडं म्हणून दाखवायची आणि मी चहा गाळता गाळता चुका काढायचे, आता ती हृदयावर आलीय, झडपा आणि कप्पे. आज ट्रायकस्पिड झडपेवर अडकली. आई मागून म्हणाली, तिला म्हणावं आधी जेवून घे. तिचं जेवण केव्हाच झालं होतं, पण तिनं हो म्हटलं आणि परत पहिल्या कप्प्यापासून सुरू केलं, तेवढ्यात सात वाजून गेले आणि मी बससाठी पळाले.